दार लावलं की बंद पडणारं सेंट्रल लॉक: मानेवाडा रोडवरचं एक प्रकरण

"भाऊ, दार उघडं असलं की सगळे लॉक खटाखट पडतात. दार लावलं की काहीच नाही होत. मी तीन जागी हे सांगून आली, पण कोणी ऐकूनच नाही घेत."

मागच्या मे महिन्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास नागपुरात मानेवाडा रोडवरच्या माझ्या दुकानात एक निवृत्त शिक्षिका आल्या. गाडीतून उतरता उतरताच त्या हे बोलल्या. मी त्यांना काकू म्हणतो, इथंही तसंच म्हणेन. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात माझी वीसएक वर्षं गेली. बहुतेक माणसं "लॉक खराब झालं" एवढंच सांगून किल्ली हातात देतात. लॉक कधी चालतं आणि कधी चालत नाही, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. काकूंनी ते न विचारता सांगितलं होतं. तरीही मी पहिली चाळीस मिनिटं भलत्याच जागी घालवली. ती का घालवली तेही लिहितो, कारण त्यांच्या आधीच्या एका मेकॅनिकचीही तिथंच फसगत झाली होती.

गाडी २०१४ ची, पाच दारांची पेट्रोल हॅचबॅक, खालचं मॉडेल. काचा हँडलने फिरवायच्या. कंपनीकडून सेंट्रल लॉक आलेलं नव्हतं. गाडी घेतल्यावर महिन्याभरात बाहेरच्या दुकानातून रिमोटचं किट बसवून घेतलेलं. अशा गाड्या नागपुरात हजारोंनी फिरतात, म्हणून या किटची रचना आधी नीट सांगतो. ती कळली की पुढचं सगळं आपोआप कळेल.

डॅशबोर्डखाली एक कंट्रोलचा डबा असतो आणि चार दारांत चार लॉक मोटरी. मागच्या दोन दारांत आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या दारात दोन तारांच्या मोटरी असतात, निळी आणि हिरवी. डबा या दोन तारांतून अर्ध्याएक सेकंदाचा झटका देतो. एका दिशेने बारा व्होल्ट दिले की मोटरचा दांडा खाली जातो, लॉक पडतं. प्लस-मायनस उलटे केले की दांडा वर येतो, लॉक उघडतं. ड्रायव्हरच्या दारातली मोटर मात्र पाच तारांची. निळी-हिरवी तिथंही असतेच, शिवाय पांढरी, तपकिरी आणि काळी. या तिन्ही तारा मोटरच्या आतल्या एका छोट्या स्विचच्या. काळी तार अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसची. काकूंच्या किटमध्ये दाराचा खिडकीजवळचा खटका खाली दाबला की पांढरी काळीला जोडली जायची, वर ओढला की तपकिरी. डबा या दोन तारांवर नजर ठेवून असतो. पांढरीला अर्थ मिळाला की त्याने समजायचं, ड्रायव्हरने लॉक केलं, बाकीचे तिन्ही दरवाजे लॉक करा. तपकिरीला मिळाला की उघडा. थोडक्यात, ड्रायव्हरच्या दारातली मोटर हुकूम पाळते आणि हुकूम देतेसुद्धा.

मी काकूंना दुकानात स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यांच्या बोलण्यातून तीन तक्रारी निघाल्या. रिमोट दाबला की तीन दारं लॉक होतात, ड्रायव्हरचं होत नाही. हा प्रकार चार महिन्यांपासूनचा. ड्रायव्हरच्या दाराचा खटका हाताने दाबला तर दार उघडं असताना बाकीची दारं त्याच्यामागे पडतात, दार लावलेलं असलं की पडत नाहीत. हे दोन महिन्यांपासूनचं. तिसरी तक्रार सांगताना त्यांचा आवाज बदलला.

आठ दिवसांपूर्वी त्या चार वर्षांच्या नातीला घेऊन निघाल्या होत्या. पोरगी मागच्या सीटवर. रिंग रोडला त्रिमूर्ती नगरजवळ दुपारी बाराच्या उन्हात त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन आणि एसी चालू ठेवला, समोरच्या दुकानातून दुधाच्या पिशव्या घ्यायला उतरल्या आणि दार ओढून लावलं. लावता क्षणी आत खटाखट आवाज झाला आणि तिन्ही दारं आपोआप लॉक झाली. किल्ली आत, पोरगी आत. मागचं दार ओढून पाहिलं, उघडेना. पोरगी काचेतून बघून हसत होती, तिला खेळ वाटला. काकू धावत ड्रायव्हरच्या दाराकडे आल्या आणि ते उघडलं, कारण त्याची मोटर मेलेली होती. "अर्धा मिनिट गेला असन, भाऊ," त्या म्हणाल्या, "पण माझे पाय अजून कापतात."

इथं मला थोडं थांबून बोलायचं आहे. इंजिन चालू होतं, एसी चालू होता, म्हणून त्या अर्ध्या मिनिटात पोरीला काही झालं नसतं. पण बंद गाडी उन्हात उभी असली तर पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी चढतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा पंचेचाळिशीत असतो. लहान लेकराचं अंग मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापतं. जून २०२३ मध्ये आपल्याच शहरात, पाचपावली भागात, उभ्या गाडीत अडकून तीन लहान मुलं गेली. ती बातमी वाचल्यापासून दाराच्या लॉकची तक्रार घेऊन आलेली गाडी मी रांगेत मागे ठेवत नाही. काच खाली होत नाही, हॉर्न वाजत नाही, ही कामं दोन दिवस थांबू शकतात. आपोआप लॉक होणारं दार थांबू शकत नाही.

काकूंनी आधी काय काय करून घेतलं होतं? पहिल्या ठिकाणी फ्यूज उडाला म्हणून बदलून दिला. दुसऱ्या ठिकाणी ड्रायव्हरच्या दारातली मोटर नवीन टाकली, नऊशे रुपये घेतले. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी जैसे थे. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, डबा गेला, पूर्ण किट बदला, साडेचार हजार. कारण दिलं पुराचं.

पुराचं कारण ऐकून मीही फसलो. २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यानंतरचे सहा महिने माझ्याकडे दुसरं कामच नव्हतं. कपलर, म्हणजे तारा जोडायचे प्लग, उघडायचे, हिरवट पूड घासून काढायची, सुकवायचं, पुन्हा बसवायचं. काकूंचं घर त्याच भागात, त्यांची गाडीही पाण्यात होती. मी म्हटलं, गंजलं असेल तर खालीच गंजलं असेल.

तरी पद्धत सोडली नाही. आधी बॅटरी पाहिली. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग किटच्या लायनीतला फ्यूज काढला आणि हातच थांबला. फ्यूज हिरव्या रंगाचा होता. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. या किटला १५ चा लागतो. आधीच्या दुकानात निळा उडाला म्हणून हिरवा ठोकला होता. फ्यूज उडाला की का उडाला हे शोधायचं असतं. मोठा फ्यूज टाकला की त्या दिवशीपुरती गाडी चालते, पण पुढे शॉर्ट झाला तर फ्यूजऐवजी तार जळते, आणि ती तार पायाशी, गालिच्याखाली असते. हे काम कोणी केलं मला ठाऊक नाही, जाणूनही घ्यायचं नाही. पण ज्याने केलं त्याने एका म्हाताऱ्या बाईच्या पायाखाली आग लागायची सोय करून ठेवली होती, हे मी स्पष्टच म्हणेन.

हिरवा फ्यूज म्हणजे एक पुरावाही होता. निळा कधीतरी उडाला, म्हणजे प्लसची एखादी तार कुठंतरी बॉडीला टेकली होती. मी ते मनात ठेवलं आणि तरीही डब्याकडेच गेलो.

ड्रायव्हरच्या पायाजवळची बाजूची प्लास्टिकची पट्टी काढली. गालिचा उचलला तर पत्र्यावर पुराच्या गाळाची रेघ स्वच्छ दिसत होती, बोटाने पुसली तर पिवळसर माती बोटाला लागली. डबा त्या रेघेच्या चार बोटं वर बांधलेला होता. कपलर ओढून काढला. आतल्या पिना चकचकीत. एकही हिरवी नाही. डबा उघडला, आत पाण्याचा डाग नाही. चाळीस मिनिटं तिथं गेली, पण फुकट गेली नाहीत. पूर डब्यापर्यंत पोचलाच नव्हता, हे डोळ्यांनी पाहून झालं.

मग डब्याच्या कपलरवरच, ड्रायव्हरच्या दाराकडे जाणाऱ्या निळ्या-हिरव्या तारांवर, मी बल्ब लावला. इंडिकेटरचा साधा २१ वॅटचा बल्ब, होल्डरला दोन तारा जोडून घेतलेला. माझ्या खोक्यातलं हे सगळ्यात जुनं हत्यार. रिमोट दाबला, बल्ब झपकन पेटून विझला. उघडायचं बटण दाबलं, पुन्हा झपकन. डबा आपलं काम चोख करत होता. साडेचार हजार वाचले, आणि उरला फक्त दाराकडचा रस्ता.

आता ड्रायव्हरच्या दाराचं पॅड, म्हणजे आतलं कव्हर, काढायचं. काच पूर्ण वर केली. अशा जुन्या मॉडेलमध्ये काचेच्या हँडलमागे एक बारीक क्लिप असते, ती पेचकसने खुरपत बसलं तर पॅडवर ओरखडे पडतात. हँडल आणि पॅडच्या मधे एक फडकं घालायचं आणि बूट पॉलिश केल्यासारखं दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढायचं, क्लिप स्वतःहून उडून येते. ती कुठं उडते त्यावर नजर ठेवायची, नाहीतर दुकानभर शोधत बसावी लागते. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद खालच्या अंगाला फाटलेला होता. तो फाटला की पावसाचं पाणी पॅडला लागतं. ते नंतर बघू म्हटलं.

मोटरचा कपलर काढला आणि बॅटरीवरून थेट दोन तारा आणून मोटरला लावल्या. खट्. उलट्या लावल्या. खट्. आवाज असा दणदणीत की काकू स्टुलावरून उठून आल्या. मोटर नवी होती, चांगलीच होती. त्यांचे आधीचे नऊशे रुपये विनाकारण गेले होते.

माझ्याकडे शिकणारा पोरगा तोवर कपलरमध्ये मीटरचे काटे घालून उभा होता. रिमोट दाबला की आकडा क्षणभर उसळत होता. "दादा, मीटरवर तर अकरा-बारा येऊन राहिले. करंट येऊन राहिला नं, मग मोटर काहून नाही चालत?"

मला वाटतं, दुसऱ्या दुकानातल्या माणसानेही हेच पाहिलं असणार आणि मोटरला दोष देऊन मोकळा झाला असणार. मी पोराला बल्ब दिला, म्हटलं मीटर काढ आणि हा लाव. त्याने लावला. रिमोट दाबला. काहीच नाही. पुन्हा दाबला. काहीच नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तार तुटलेली असली, टोकं हिरवट पडलेली असली आणि एकमेकांना नुसती टेकून असली, तरी तेवढ्यावर मीटर बारा दाखवतो. बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात, अडलेल्या मोटरला त्याहून जास्त. त्या टेकलेल्या टोकांतून एवढा करंट जाऊच शकत नाही, सगळे व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. बारीक नळातून थेंब थेंब पाणी येत असलं तरी खाली ठेवलेलं भांडं भरतंच. ते पाहून नळाला जोर आहे असं कोणी म्हणत नाही. त्यात लॉकचा झटका अर्ध्या सेकंदाचा, डिजिटल मीटरचा आकडा ठरेपर्यंत तो संपूनही जातो. म्हणून लॉक, वायपर, हॉर्न, काचेच्या मोटरी यांच्या तारा मी बल्बनेच तपासतो. एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. पिवळ्या आवरणातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना बल्ब काय, मीटरही लावायचा नाही. आणि कंपनीच्या कंप्युटरकडे जाणाऱ्या बारीक सिग्नलच्या तारांवर एवढा मोठा बल्ब लावला तर चांगलं मॉड्युल आपणच जाळून बसू. तिथं कंपनीचा वायरिंगचा नकाशा हातात घेऊनच काम करावं.

डब्यापाशी बल्ब पेटतो, दारात पेटत नाही. मधे काय आहे? दीड हाताची तार आणि त्यातला एकच भाग असा, जो हलतो. बिजागरीकडच्या बाजूला बॉडी आणि दार यांच्यामधला रबरी बूट, म्हणजे ज्या रबरी नळीतून तारा दारात जातात ती.

काकूंचं पहिलं वाक्य मला तेव्हा खऱ्या अर्थाने ऐकू आलं. दार उघडं असलं की चालतं, लावलं की नाही. मोटर दाराबरोबर फिरते, डबा जागेवरच असतो, या दोघांनाही दार उघडं आहे की बंद याच्याशी देणंघेणं नाही. दाराच्या उघडझापीने वाकते ती फक्त बुटातली तार. आणि तक्रारी तीन होत्या, त्या तिन्ही वेगवेगळ्या तारांच्या. मोटर मेली ती निळी किंवा हिरवी. खटक्यामागे बाकीची दारं पडत नाहीत ती काळी. दार लावताना आपोआप लॉक पडतं ती पांढरी. तीन तारा तीन वेगळ्या ठिकाणी तुटण्यापेक्षा, तिघी जिथून एकत्र जातात त्या एकाच ठिकाणी काहीतरी झालं असण्याची शक्यता कितीतरी जास्त. हे मी सकाळी साडेदहालाच म्हणायला हवं होतं.

बल्ब कपलरला तसाच ठेवून मी पोराला रिमोट दाबत राहायला सांगितलं आणि दार हळूहळू फिरवू लागलो. पूर्ण उघड्या दारात बल्ब मंद लालसर झाला. थोडं आत घेतलं, विझला. बूट मुठीत धरून पिळला, पुन्हा क्षणभर पेटला.

बॅटरीची मायनस काढून ठेवली आणि बुटाचं बॉडीकडचं तोंड अंगठ्याने दुमडून बाहेर काढलं. आतून चमचाभर वाळकी माती पडली. म्हणजे पुराचं पाणी इथवर आलं होतं. तारा बाहेर ओढल्या तेव्हा खरं कारण दिसलं. किट बसवणाऱ्याने पाचही तारा बुटातून घेताना अजिबात ढील ठेवली नव्हती. कंपनीच्या स्पीकरच्या तारा त्याच बुटात होत्या, त्यांना चांगला वळसा होता, त्या जशाच्या तशा. किटच्या तारा मात्र ताठ. दार पूर्ण उघडलं की त्या ताणल्या जायच्या आणि लावलं की एकाच ठिकाणी घडी पडायची. ड्रायव्हरचं दार दिवसाला दहा वेळा उघडतं असं धरलं तरी दहा वर्षांत साडेछत्तीस हजार वेळा तीच घडी. लोखंडी तार हाताने मागेपुढे वाकवून तोडतो, तोच प्रकार. वरून नागपूरचं ऊन, किटच्या स्वस्त तारांचं प्लास्टिक कडक होऊन काचेसारखं तडकलेलं.

निळी तार बाहेरून धड दिसत होती. चिमटीत धरून हलकं ओढलं तर एका जागी रबरासारखी लांबली. आत तांबं नव्हतं, नुसतं आवरण होतं. ब्लेडने आवरण चिरलं तर दोन्ही टोकांवर मोरचुदासारखी हिरवी पूड. त्याच जागी बाजूला आवरणाला एक चीर होती, पत्र्याला टेकून काळी पडलेली. फ्यूज तिथंच उडाला होता. काळी पूर्ण तुटलेली, दार उघडं असताना ताणाने तिची टोकं जुळायची, लावलं की सुटायची. पांढरी तुटली नव्हती, पण नखाएवढ्या जागेत आवरण निघून तांबं उघडं पडलं होतं. दार लावताना ते तांबं बॉडीच्या पत्र्याला टेकायचं. बॉडी म्हणजे अर्थ. डब्याला पांढरीवर अर्थ दिसला की त्याच्या लेखी ड्रायव्हरने खटका दाबला, म्हणून तो इमानेइतबारे तिन्ही दारं लॉक करायचा.

मी तो तुकडा काकूंच्या तळहातावर ठेवला आणि दाखवलं. त्या दिवशी दार लावलं तेव्हा याच क्षणी निळीची टोकं जुळलेली असती, तर चौथंही दार लॉक झालं असतं. किल्ली आत होती. त्यांनी तुकडा मुठीत धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पूर दोषी नव्हता असं म्हणता येणार नाही. तडकलेल्या आवरणातून पाणी आत गेलं म्हणून तांबं लवकर हिरवं पडलं. पण पूर नसता आला तरी ही तार आणखी वर्ष-दोन वर्षांत तुटलीच असती.

दुरुस्तीचं काम सोपं, पण त्यात एक चूक फार होते. तुटलेली तार बुटातच जोडून वर काळी टेप गुंडाळतात. डाग दिलेली, म्हणजे सोल्डर केलेली, तार कडक होते, आणि वाकणाऱ्या जागी कडक भाग आला की त्याच्या काठावर पुन्हा तुटते. टेपचा गोंद तर आपल्या उन्हाळ्यात पहिल्याच मे महिन्यात वितळून चिकट होतो. मी दोन तुटलेल्या आणि एका उघड्या पडलेल्या तारेवर थांबलो नाही. पाचही तारा बुटाच्या दोन्ही बाजूंना वीतभर आतून कापल्या आणि बारीक बारीक तांब्याच्या पुष्कळ तारांची नरम वायर मधे घातली. मोटरच्या दोघी जरा जाड. एक जोड दाराच्या आत, दुसरा बिजागरीकडच्या बॉडीच्या खांबाच्या आत, बुटात एकही जोड नाही. पाच जोड एकाच रेषेत आले तर गाठ होते, म्हणून बोटभर अंतराने पुढेमागे घेतले. डाग दिला, श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, चढवली, गरम हवेने बसवली. दार पूर्ण उघडं ठेवून लांबी मोजली आणि वर चार बोटं ढील सोडली. बूट आतून पुसून त्याची दोन्ही तोंडं खाचेत नीट बसवली, ती बसली नाहीत तर पाणी आत जायला वाट राहते.

दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती गाळाने बुजली होती, काडीने मोकळी केली. फाटलेला कागद नवीन लावला. लॉकच्या कुलपाला पांढरं ग्रीस दिलं. तिथं इंजिन ऑइल सोडतात ते चुकीचं, धूळ धरून दोन महिन्यांत त्याचं कीट होतं. हिरवा फ्यूज फेकला, निळा १५ चा घातला.

मग तपासणी. दार पन्नास वेळा उघडलं-लावलं, प्रत्येक वेळी रिमोट आणि खटका दोन्ही. पोरगा मोजत होता. नंतर गाडी दुपारी दोन ते चार उन्हात उभी केली, कारण गार गाडीत चाललेलं लॉक तापल्यावर अडू शकतं, आणि तेव्हा दोष दांड्यात किंवा मोटरच्या कार्बन ब्रशमध्ये असतो. चार वाजता हँडलला हात लावायला फडकं लागलं, पण लॉक चारही पडली. वायर, स्लीव्ह, कागद मिळून दोनशे चाळीस, मजुरी सहाशे.

सगळ्याच गाड्यांत बूट दोषी नसतो. एकही दार हलत नसेल आणि रिमोटने इंडिकेटरही चमकत नसेल तर आधी रिमोटचा सेल, मग फ्यूज, मग डब्याची अर्थची तार तपासा. एकच मागचं दार अडत असेल आणि आतून घरघर ऐकू येत असेल तर मोटर फिरते पण दांडा सुटलाय किंवा आतला दात घासलाय. लॉक पडून लगेच स्वतःहून उघडत असेल तर ड्रायव्हरच्या दारातला खटका पूर्ण खाली जात नाही, तिथलं कुलूप कोरडं पडलेलं असतं. पण या प्रत्येक वेळी दार उघडं ठेवून एकदा आणि बंद करून एकदा, असं करून पाहा. त्याला पैसे लागत नाहीत आणि पॅडही काढावं लागत नाही.

जायच्या आधी काकूंना मी दोन गोष्टी करून दाखवल्या. एक, वीज पूर्ण गेली तरी ड्रायव्हरच्या दाराला किल्ली हाताने फिरते. ती वर्षानुवर्षं वापरली नाही तर आत अडते, त्यांची अडलीच होती. ग्रीस देऊन दहा वेळा फिरवून मोकळी केली आणि महिन्यातून एकदा किल्लीने दार उघडायला सांगितलं. दुसरी, मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी कळ असते. ती लावलेली असेल तर आतलं हँडल कितीही ओढलं तरी दार उघडत नाही. पण खिडकीजवळचा खटका आतून वर ओढता येतो, आणि मग बाहेरच्या माणसाला दार उघडता येतं. जादा किल्ली घरात कपाटात न ठेवता पर्समध्ये ठेवायची, हे त्यांनी स्वतःच ठरवलं.

जुलैत जोराचा पाऊस होऊन गेल्यावर मी त्यांना गाडी दाखवायला बोलावलं होतं. बूट दुमडून आत बोट घातलं, कोरडा होता. नातही आली होती. काकूंनी तिला मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं, रिमोटने चारही दारं लॉक केली आणि काचेवर टकटक केली. पोरीने दोन्ही हातांनी खटका धरला. पहिल्यांदा बोटं निसटली. दुसऱ्यांदा तिने ओठ दाबून ओढला, तो वर आला, आणि काकूंनी बाहेरून दार उघडलं.